दोन्ही टोकं कापलेला केस

दोरीवरचे मोजे काढले की टोपकाकू ते आधी उलटे करायच्या. आतल्या बाजूने बोट फिरवायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या, एक फुंकर मारायच्या आणि मगच सुलटे करून घडी घालायच्या. स्वतःचे, मुलाचे, नातीचे, सगळ्यांचे. एकदा शेजारणीचे मोजे वाऱ्याने त्यांच्या दोरीखाली येऊन पडले, तर तेही असेच तपासून परत केले. शेजारीण म्हणाली, "काकू, आमच्या मोज्यांत काही सोनं नाही हो दडवलेलं." काकू हसल्या नाहीत. एरवी त्यांना हसायला निमित्त लागत नसे.

टोपकाकू हे नाव कामावरून पडलं. त्या केसांचे टोप बनवायच्या. कारखाना म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. मोठ्या खिडक्या, लांब टेबलं आणि टेबलांवर नाकडोळे नसलेली लाकडी डोकी. नाटकवाले यायचे, टकलाला कंटाळलेले बापे यायचे आणि औषधांनी केस गेलेल्या बायका यायच्या, आरशाकडे पाठ करून बसणाऱ्या. जाळीवर आकडीच्या सुईने एकेक केस गाठवायचा, हे काकूंचं काम. त्यांची गाठ कधी सुटली नाही. नव्या मुलींना त्या सांगायच्या, "केस ओला असला की ताणला जातो, वाळला की आखडतो. गाठ ओली मारा. आवळायचं काम तो स्वतःच करतो, त्याला पगार नको."

मुली हसायच्या. पुढे हेच वाक्य काकूंना माशाच्या काट्यासारखं घशात टोचत राहिलं.

नात जेमतेम बसायला शिकत होती तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. काकूंनी कामावरून आणलेला ऍप्रन बादलीत भिजवला आणि त्यातच बाळाचे चिमुकले मोजेही टाकले. पाणी वाचलं, साबण वाचला. सकाळी मोजे थोडे दमट होते, पण पोरीचे पाय गार लागले म्हणून काकूंनी तेच चढवले. "अंगाच्या उबेनं वाळतील," म्हणाल्या. त्या दिवशी कारखाना बंद होता, म्हणून काकू घरीच होत्या.

दुपारी बाळ रडू लागलं. आधी कुरकुर, मग आकांत. पाजलं तरी थांबेना, खांद्यावर घेतलं तरी थांबेना.

"पोट दुखत असेल," काकू सुनेला म्हणाल्या. "काल तू ते तिखट खाल्लंस ना?"

"आई, घासभर खाल्लं हो."

"घासभर तर घासभर. दुधात उतरतंच. आणि तसंही तुला दूध कुठं पुरतंय? माझ्या लेकराचा आवाज कधी शेजारी ऐकू गेला नाही."

सुनेने बाळाला पलंगावर ठेवलं आणि अंगावरचा एकेक कपडा काढायला घेतला.

"अगं, गारठेल ती! मोजे तरी राहू देत."

"सगळं बघते एकदा. मुंगीबिंगी असेल."

झबल्यात मुंगी नव्हती. लंगोटात काही नव्हतं. डावा मोजा काढला. मग उजवा काढला आणि सून तशीच थांबली. अंगठ्याजवळचं बोट फुगून जांभळं झालं होतं. बोटाच्या मुळाशी एक बारीक खाच होती, कुणी पेन्सिलीने रेघ ओढावी तशी. खाचेत काय आहे ते दिसत नव्हतं. सूज दोन्हीकडून वर आली होती.

"काहीतरी चावलं असेल," काकू म्हणाल्या. "कोमट पाण्यानं शेकूया."

"शेकायचं नाही. दवाखान्यात जायचं."

एवढ्या वर्षांत सुनेने पहिल्यांदाच काकूंचा शब्द मोडला होता.

डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं आणि हातातलं सगळं बाजूला ठेवलं. भिंग मागवलं, दिवा जवळ ओढला. "केस गुंडाळला गेलाय," त्या म्हणाल्या. "रक्त अडलंय. घट्ट धरा पाय." पाय काकूंनी धरला. पातळ हत्यार खाचेत सरकलं तेव्हा काकूंना ते ओळखीचं वाटलं. त्यांच्या सुईचंच जणू लांबचं भावंड. कच्चकन काहीतरी तुटलं. बाईंनी पुन्हा भिंग धरलं, दुसरा वेढा शोधला, तोही कापला. मग सगळे त्या बोटाकडे बघत बसले. जांभळा रंग हळूहळू लालावर आला. बाळ हुंदके देत देत थकून झोपलं.

"वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या. "आणखी उशीर झाला असता तर बोट गमवावं लागलं असतं. बाळ असं रडायला लागलं आणि कारण सापडेना, तर हातापायांची बोटं बघायची. लघवीची जागाही बघायची. तिथेही केस अडकतो. असं काही दिसलं तर घरी ओढाओढ करायची नाही, तडक यायचं. बाळंतपणानंतर केस गळतातच हो. बहुतेक वेळा आईचाच असतो."

कापलेला केस पांढऱ्या कापसावर पडला होता. काकूंनी एकदाच पाहिला. तो काळाभोर होता, सरळ होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचा. गळलेल्या केसाला मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो. याला नव्हता. जिथे हत्याराने तोडला ती जागा वेगळी, पण बाकी दोन्ही टोकं कात्रीने सरळ छाटलेली होती. अशी टोकं काकू रोज छाटायच्या.

सुनेचे केस कुरळे होते, उन्हात तांबूस दिसायचे.

काकूंनी तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, "चला, रिक्षा मिळते का बघते."

संध्याकाळी मुलगा आला. सगळं ऐकून आधी बाळाचा पाय हातात घेऊन बसला. मग बायकोला म्हणाला, "केस जरा बांधून ठेवायला काय होतं गं तुला? घरभर असतात."

भाकऱ्या थापायच्या सोडून काकू नुसतं पीठच मळत राहिल्या. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनेने केस कापले. मानेपर्यंत. कापलेली वेणी दोन्हीकडून दोरा बांधून काकूंपुढे ठेवली. "आई, तुमच्या कामाला येईल. चांगली लांब आहे."

काकूंनी वेणी पिशवीत घातली आणि कामावर नेली. टेबलावर ठेवली. शेजारची बाई हात फिरवून म्हणाली, "काय सुरेख माल आहे हो! कुठून मिळाला?" काकूंच्या हातातली सुई थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्धा दिवस रजा मागितली आणि पिशवी तशीच घरी परत आणली.

सून दोरीवर कपडे घालत होती. काकू तिच्यामागे उभ्या राहिल्या.

"तो केस तुझा नव्हता," त्या म्हणाल्या.

सुनेने चिमटा लावला. "माहितीये."

"माहितीये?"

"डोळे आहेत मला, आई. सरळ होता तो. कापसावर तुम्ही पाहिला, तसा मीही पाहिला."

"मग कापलेस कशाला गं?"

"गळत होतेच. आज तुमच्या कामातला होता, उद्या माझा असता." तिने बादलीतून पुढचा कपडा उचलून पिळला. "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. दवाखान्यात बोलाल वाटलं. मग घरी तरी बोलाल वाटलं."

काकूंनी तिच्या हाताला हात लावायला बघितलं. तिने हात काढून घेतला, रागाने नव्हे, कपडा झटकायचा होता म्हणून. "मला नका सांगू. मला माहीतच आहे. त्यांना सांगा."

मुलाला सांगणं सोपं नव्हतं. पोटच्या पोरापुढे मान खाली घालायची सवय काकूंना नव्हती. जेवताना त्यांनी सांगितलं. ऍप्रन, बादली, दमट मोजे आणि कापसावरचा केस. मी गप्प बसले, हेही सांगितलं, आणि तिथे आवाज फुटेना म्हणून दोनदा सांगितलं. बायकोची माफी मुलाला काही नीट मागता आली नाही. उठला आणि त्याने बाळाचे मोजे वेगळे धुवायला घेतले.

त्या दिवसापासून काकूंचा ऍप्रन कारखान्यातच राहू लागला. निघताना त्या ओल्या फडक्याने अंग पुसायच्या, बाही झटकायच्या. एखादी नवी मुलगी लेकुरवाळी असली तर काकू तिला गाठ शिकवण्याआधी ही गोष्ट सांगायच्या, आणि "एका बाईच्या घरी" असं म्हणत नसत. "माझ्या" म्हणायच्या. एकदा एका मुलीने सुटे केस हरवू नयेत म्हणून करंगळीला गुंडाळून ठेवले होते, ओलेच. काकूंनी तिचा हात ओढून ते कापून टाकले. मुलगी दचकली. काकू म्हणाल्या, "मोठ्यांचीही बोटं जातात गं. मोठ्यांना फक्त लाज वाटते रडायची."

नातीच्या बोटावर खाचेची पुसट रेघ राहिली. आंघोळ घालताना काकू तिथे साबण हळू लावायच्या. नात शाळेत जाऊ लागल्यावर स्वतःच आंघोळ करू लागली, तेव्हा काकूंना जरा बरं वाटलं आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

म्हातारपणी साखरेच्या आजाराने काकूंच्या पायांची जाणीव गेली. काटा रुतला तरी कळेना. मग त्यांच्या पायाची बोटं सून रोज उघडून बघू लागली, एकेक, चष्मा लावून. सुनेने केस पुन्हा वाढवले होते, पण घरात आता लहान बाळ नसलं तरी ते ती घट्ट बांधूनच ठेवायची.

शेवटच्या आजारात काकू इस्पितळातल्या खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. एका सकाळी सून घरून धुतलेले मोजे घेऊन आली. काकूंनी मान वळवून बघितलं.

"उलटे करून बघितलेस?"

"बघितले, आई. घरी एकदा आणि इथे एकदा."

"उजेडात?"

"उजेडात."

"मग घाल की," काकू म्हणाल्या, "पाय गार पडले असतील."