नाखवीणबाईंची साक्ष

नाखवीणबाई बोलायला लागल्या की समोर बसलेला माणूस आपोआप उठून उभा राहायचा. आवाज त्या कधी चढवत नसत. उलट बोलणं जितकं महत्त्वाचं, तितका तो खाली यायचा. माझ्या नवऱ्याला उरणजवळच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली, म्हणून साताऱ्याहून आम्ही त्यांच्या घरात भाड्यानं राहायला आलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ऱ्हा. पन मासलीचा वास येतो म्हनून नाक मुरडलंस, तं सामान ओटीवर." मी नाक मुरडलं नाही. थोड्याच दिवसांत बोंबील साफ करायलाही शिकले.

बोटीच्या मालकाला तिथं नाखवा म्हणतात, म्हणून त्या नाखवीण. हा नवरा त्यांनी स्वतः निवडला होता. वडिलांनी ठरवलेलं दुसरंच स्थळ घरी आलं, तेव्हा पाहुण्यांसमोर चहा ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "चा प्या नि निंगा. माजा नवरा बोटीवर गेलाय." लग्नाचा तेव्हा पत्ताही नव्हता. ही गोष्ट निघाली की नाखवेच लाजून जाळ्यात तोंड घालायचे.

त्यांचा दुसरा जीव म्हणजे धाकटा भाऊ, दिनेश. आई लवकर गेली, तेव्हा त्याला बहिणीनंच कडेवर वाढवलं. "दिन्या माजं पयलं पोर," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. तो दोन गल्ल्या सोडून बायको आणि लेकीबरोबर राहायचा.

भांडण पेटलं ते खाडीकाठच्या जागेवरून. जागा नाखव्यांची. तिथं त्यांची बोट ओढून ठेवायची, जाळी सुकायची. ट्रेलर उभे करायला ती जागा देतो, असा शब्द दिनेशनं एका वाहतूकवाल्याला परस्पर देऊन टाकला. नाखवे नाही म्हणाले. मेव्हण्या-मेव्हण्यांचं बोलणं बंद झालं. जेवताना नाखवे आणि बाईही एकमेकांकडे बघेनात.

एका सकाळी धक्क्यावर दोघांची जुंपली. नाखवीणबाई टोपली घेऊन तिकडेच निघाल्या होत्या. आरडाओरडा ऐकून मी धावले, तोवर सगळं संपलं होतं. नाखवे पायऱ्यांवर पडलेले, वल्हं पाण्यात तरंगत होतं, दिनेश कुठेच नव्हता. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. डोळ्यांत टिपूस नाही. मला म्हणाल्या, "घरातून सोच्छ चादर आन."

दहावा व्हायच्या आधीच गावातली जाणती माणसं ओटीवर आली. पाय घसरून पडले असं सांग, घरातलं घरात मिटू दे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातले एक म्हातारे कळवळून म्हणाले, "बाय, एकच भाव हाय तुना."

"आनि नवरे किती व्हते?" बाईंनी विचारलं.

एकेक जण चपला शोधू लागला. बाई त्याच दिवशी पोलिसांकडे गेल्या आणि भावाचं नाव सांगून आल्या.

काही महिन्यांनी दिनेश जामिनावर सुटून घरी आला. त्या दुपारी नाखव्यांचा धाकटा भाऊ कोयता घेऊन, दोघांना सोबत घेऊन त्याच्या घराकडे निघाला. बाईंच्या कानावर गेलं तशा त्या अनवाणी पळत सुटल्या, मी त्यांच्या मागे. त्यांनी त्याला गाठलं आणि दिनेशच्या बंद दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसल्या. आतून लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं.

"वयनी, बाजूला व्हा. माज्या भावाचं रगत सांडलंय."

"माजा नवरा व्हता तो. याला मी कोर्टात उभा करनार हाय. मेलेला मान्स उभा ऱ्हात नाय." मग हात पुढे करून म्हणाल्या, "कोयता दे."

त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. शेवटी कोयता खाली टाकून तो तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागला.

पुढे एकदा वाचनालयातून आइसलंडच्या जुन्या कथांचं पुस्तक आणलं होतं. त्यातल्या थंड समुद्राकाठच्या बायका मारल्या गेलेल्या नवऱ्याचे रक्ताळलेले कपडे मुलांपुढे टाकतात आणि त्यांना सूड घ्यायला धाडतात. वाचताना मला सारखा तो उंबरा दिसत होता. जरब तीच. पण बाईंचा मार्ग त्यांचा स्वतःचा होता.

पनवेलच्या कोर्टात साक्षीला मीच त्यांच्याबरोबर गेले. दिनेश समोर मान खाली घालून उभा होता. त्याचा वकील म्हणाला, "तुम्ही लांब होतात, मारणाऱ्याची पाठ तुमच्याकडे होती. मग ओळखलंत कसं?"

"पाठीवर घेऊन वाढवलाय त्याला," बाई म्हणाल्या. "पाठमोरा वलखनार नाय तं कोन वलखनार?"

वकील कागद गोळा करून खाली बसला. निकालाच्या दिवशीही मीच सोबत होते; दिनेशला शिक्षा झाली. परत येताना रिक्षात बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी माझ्या मनगटात रुतली.

दुसऱ्या दिवशी त्या दिनेशच्या बायकोला आणि लेकीला आपल्या घरी घेऊन आल्या. सगळं गाव नावं ठेवायला लागलं. मीही विचारलं, तर म्हणाल्या, "वल्हं तिनं नव्हतं उचललं."

नंतर माझ्या नवऱ्याची बदली झाली, आम्ही कळंबोलीला राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं, पण तुटलं नाही. काही वर्षांनी अशीच एकदा भेटायला गेले होते, तर अंगणात एक खंगलेला माणूस उभा. शिक्षा भोगून दिनेश परतला होता. आत यायचं त्याचं धाडस होत नव्हतं. त्याची बायको दाराआड पदर तोंडाशी धरून उभी होती.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "जेवलास?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. त्यांनी ओटीवर पाट मांडला, ताट वाढलं. तो बसला, पण घास उचलेना. म्हणाला, "ताय, मना माफ केलंस?"

"नाय," बाई म्हणाल्या. "ते माज्याच्यानं व्हायचं नाय. जेव तू."

तो खाली मान घालून जेवू लागला. बाई त्याच्यासमोर बसून होत्या. ताटातला भात संपत आला, तशा त्या उठल्या आणि आतून भाताचं भांडं घेऊन आल्या.