नोटरीचा वन्स मोअर

सकाळपासून धूळ उठली होती. कुवेतमधल्या अर्दियाच्या गोदामांवर आभाळ मातकट, समोरचा ट्रक दिसेना. धैर्यशील मगदूम तोंडाला रुमाल बांधून एसीचे कॉम्प्रेसर उतरवून घेत होता आणि रुमालाआडून इटालियन गात होता. फोर्कलिफ्टवाल्याला वाटलं, साहेब आपल्यालाच शिव्या देतायत. त्यानं दोनदा गाडी मागं घेतली.

पंचावन्न वर्षांच्या ह्या सुपरवायझरला संध्याकाळी मिरकाबच्या हॉलमध्ये नोटरी व्हायचं होतं. हौशी मंडळींचा ऑपेरा, दोनशे वर्षांपूर्वीचा, इटालियन, विनोदी. म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त बोलायचं तेही गाऊन. म्हातारा पालक सांभाळलेल्या पोरीशीच लग्न करायला निघतो आणि नोटरी गडबडीत एक गाणं म्हणत तिचं लग्न तिच्या प्रियकराशी लावून टाकतो. लेक आर्या तिथं व्हायोलिन वाजवायची. तिला सोडायला गेलेला धैर्यशील पार्किंगवरून कुणाशी तरी भांडत होता, तो खर्जातला आवाज अदिबा मॅडमना आवडला. मॅडम लेबनॉनच्या, ऑपेरा बसवणाऱ्या त्याच, हातवारे करून वाद्यवृंद चालवणाऱ्याही त्याच.

अडचण एवढीच की धैर्यशील तरुणपणी कागलच्या नाट्यमंडळात गायलेला. सरळ सूर दिसला की ह्याला तान सुचायची. तालमीत व्हायोलिनं पुढं निघून जायची आणि नोटरी मागं आलापात बसलेला. शेवटी प्रयोगाच्या सकाळी मॅडमनी फोनवर बजावलं, "आज एक सूर जास्त घेतलास, तर उद्याच्या प्रयोगाला परीक्षित."

परीक्षित म्हणजे बँकेत नोकरी करणारा बदली नट. तो घरी आरशापुढं तयारच होता. दोन महिने ते गाणं देवनागरीत लिहून धैर्यशीलनं आंघोळ करताना घोकलं होतं.

संध्याकाळी तो पट्टीनं आखल्यासारखा गायला. एक तान नाही. लग्न लागलं, जोडपं खिडकीतून शिडीवर पळालं, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!" पाठोपाठ रिग्गईची सगळी मराठी मंडळी ओरडली.

वन्स मोअर आला की पुन्हा गायचं, ही कागलची शिस्त. नोटरीनं डोक्यावरचा केसांचा टोप सारखा केला आणि पहिल्यापासून सुरू केलं. वाद्यवृंद अडखळला. आर्यानं कपाळाला हात लावला, पान मागं उलटलं आणि वाजवायला लागली, मग बाकीचेही. शिडीवरचं जोडपं धापा टाकत खिडकीतून परत आत आलं आणि त्यांचं दुसऱ्यांदा लग्न लागलं. हॉल हसून लोळला.

पडदा पडल्यावर मॅडम विंगेत आल्या. "तान घेतली नाहीस, शब्द पाळलास. पण एका जोडप्याची दोन लग्नं माझ्या ऑपेऱ्यात नाहीत. उद्या परीक्षित."

त्यानं टोप काढून दिला.

"सो एम्बॅरसिंग, बाबा!" आर्या गाडीत एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीच्या सकाळी, बायको अंजू चहा गाळताना म्हणाली, "पयल्यांदा मीच वरडलो की हो. माझ्यामुळं गेलं तुमचं काम." कागलकडच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात, कुवेतमध्येही तिचं ते सुटलेलं नव्हतं.

"ठावं हाय. तुझा आवाज वळखत न्हाई व्हय मी?"

"मग परत कशाला गायलासा?"

"घरात तोंड उघडलं की म्हणतीस, गप बसा, कुकरची शिट्टी ऐकू येईना. सव्वीस वर्षांत पयल्यांदा वन्स मोअर दिलास. सोडू व्हय?"

अंजूनं तोंड फिरवून गॅस बंद केला. म्हणाली, "मग आज मोकळंच की तुमी. सिलिंडर संपत आलाय, गॅलरीतला रिकामा बदलून आणा."

धैर्यशीलनं गॅलरीतला सिलिंडर आडवा केला आणि लिफ्टकडं गडगडत नेला.