अंगठ्याएवढी थोर माणसं

लहान वस्तूंचं काम केलं की केर कमी होतो आणि किस्से जास्त साठतात, असं आमचे रफिकभाई म्हणतात. खरं आहे. आमच्याकडे माणूस एक बाहुला न्यायला येतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. कपाटात जागा उरली नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

मी अलिबागला डेंटल टेक्निशियन आहे. म्हणजे डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि दात, कवळ्या माझ्या लॅबमध्ये तयार होतात. पण रविवारी दुपारी त्याच टेबलावर दर्यावर्दी, शास्त्रज्ञ, समाजसुधारक पसरलेले असतात. कुणाला हात नाहीत, कुणाला डोकं!

मुलं जोडत बसतात ना, त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांमध्ये अंगठ्याएवढी माणसं मिळतात. ती घेऊन आम्ही त्यांची इतिहासातली थोर माणसं करतो. पगड्या, टोप्या, केस मी घडवतो. कपड्यांची नक्षी रफिकभाई छापतात, त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि चेहरे रंगवतात वैशालीताई. त्या चौलच्या, शाळेत शिक्षिका. वाटाण्याएवढ्या डोक्यावर त्या डोळे असे काढतात की बाहुला आपल्याकडे बघायला लागतो.

पहिली ऑर्डर आली ती सरखेल कान्होजी आंग्र्यांची. अलिबागमध्ये दुसरं कोण येणार! पगडी मी दातांच्याच मटेरियलमध्ये घडवली. छोट्या पिशवीत घातली, बाकीचा बाहुला दुसऱ्या पिशवीत, आणि पार्सल रवाना.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन. "साहेब, सरखेल एक नंबर झालेत. पण डोक्यावर हा दात कशाला बसवायचा?"

मी घाईघाईनं टेबलावर पगडी शोधायला लागलो. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. आमचे डॉक्टर!

"अरे, पेशंट तोंड उघडून बसलाय, आणि पिशवीतून पगडी निघाली!"

मी घाबरत विचारलं, "पेशंट चिडलाय का हो?"

"नाही रे. तो म्हणतोय, बसत असेल तर बसवा!"

⁂

उरणचा एक ट्रेलर ड्रायव्हर आला. कंटेनर ओढतो. म्हणाला, "मना वास्को द गामा पायजे. डॅशबोर्डवर ठेवाला."

वैशालीताईंच्या भुवया वर गेल्या. "अहो, इतकी आपली माणसं सोडून वास्को द गामा का?"

"ताई, तो पन रस्ता इचारत इचारतच आला ना!"

केला वास्को द गामा. रफिकभाईंनी हौसेनं एक हात पुढे करून ठेवला, दिशा दाखवल्यासारखा. थोड्या दिवसांनी ड्रायव्हरचा फोन.

"रफिकभाई, त्याचा हात जरा खाली करून द्या."

"क्यूं भाई, तुटला काय?"

"न्हाय हो. तो सारखा उजवीकडं दाखवतो, आन माझा बंदराचा फाटा हाय डावीकडं. कालपन चुकलो!"

⁂

सावित्रीबाईंच्या बाहुलीवर वैशालीताईंनी जीव ओतला होता. साडीचे काठ, कपाळावरचं कुंकू, सगळं जागच्या जागी. हातात पुस्तक. ती बाहुली त्यांनी वर्गात नेली. मुली खूश! पण एक मुलगी बाहुली डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "बाई, हे पुस्तक उघडत नाही."

ताईंनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या रविवारी आल्या त्या म्हणतच, "पुस्तक उघडायला पाहिजे." मग आम्ही पातळ कागदाचं खरं पुस्तक शिवलं. नखाएवढं.

ते वर्गात गेलं, उघडलं, आणि तीच मुलगी म्हणाली, "बाई, आत काहीच नाही. मग ह्या शिकवतायत काय?"

पुस्तक परत लॅबमध्ये! भिंगाखाली, सगळ्यात बारीक ब्रशनं मी अक्षरं काढायला बसलो. श्वास रोखून 'ग' काढला. 'म' काढला. पान संपलं.

वैशालीताई जरा हिरमुसल्या. तसंच पुस्तक घेऊन गेल्या. मुलीनं पुस्तक उघडलं, भिंगातून बघितलं आणि मिटून बाहुलीच्या हातात परत दिलं.

"पुढचं मला येतं," म्हणाली.

⁂

आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. तलाठी होते. आयुष्यभर लोकांशी हुज्जत घातलेला माणूस, पण पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात गेला, बोलणंही गेलं. हळूहळू शब्द येतील म्हणाले होते डॉक्टर, पण तात्यांनीच प्रयत्न सोडला होता. बोटांना व्यायाम हवा म्हणून त्यांची मुलगी त्यांना आमच्याकडे आणून बसवायला लागली.

आम्ही त्यांच्यापुढे ट्रे ठेवायचो. एका खणात डोकी, एका खणात धडं. ते थरथरत्या बोटांनी डोकं उचलायचे. ते निसटायचं, टेबलाखाली जायचं. रफिकभाई वाकून शोधायचे आणि परत ट्रेमध्ये ठेवायचे. असे कितीतरी रविवार गेले.

एकदा टक् असा आवाज आला. बसलं! तात्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं डोकं बसवलं होतं. त्यांची मुलगी धावत आली, आणि बघते तर धड नेपोलियनचं, बिल्ल्यांचा कोट, कमरेला तलवार, आणि त्यावर गांधीजींचं डोकं! चष्म्यासकट!

ती हळूच म्हणाली, "बाबा, चुकलं थोडं. बदलूया?"

तात्यांनी बाहुला मुठीत घट्ट धरला. ओठ हलले. बऱ्याच वेळानं एकेक शब्द बाहेर आला.

"राहू दे... लढाया... वाचतील."

मुलगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आता तात्या इतके बोलतात की आम्हीच त्यांना अधूनमधून ट्रे देऊन गप्प बसवतो!

⁂

महाडकडच्या एका गावातले गुरुजी आले होते. रिटायर्ड. गावातल्या वाचनालयासाठी त्यांना चवदार तळ्याचा प्रसंग हवा होता. पायऱ्या, पाणी, आणि बाबासाहेब.

"बाबासाहेब करतोच आम्ही," मी म्हटलं.

"ते तर हवेतच. पण मला त्यांच्या मागे चाललेली माणसंही हवीत. आमच्या गावचे लोक होते त्यात. माझे आजोबा होते."

वैशालीताईंनी विचारलं, "फोटो आहे आजोबांचा?"

"कुणाचाच नाही."

ताईंच्या घरातल्या भिंतीवरही बाबासाहेब आहेत आणि त्यांच्या शेजारी बुद्ध. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि जरा विचार केला. "मग गुरुजी, तुमचा चेहरा काढते. थोडा तरुण करते."

गुरुजींनी गावी जाऊन हे सांगितलं असावं. कारण नंतर फोटो यायला लागले. कुणाचा नातू, कुणाची पणती, सगळे सरळ कॅमेऱ्याकडे बघणारे. ताईंनी प्रत्येकाचं नाक, कपाळ नीट बघून पणजोबा रंगवले. पाण्यासाठी रफिकभाईंनी निळे पारदर्शक ठोकळे कुठून कुठून जमवले.

तयार झाल्यावर आम्ही तिघं रफिकभाईंच्या गाडीतून ते घेऊन गावात गेलो. वाचनालयात टेबलावर मांडलं. लोक वाकून वाकून आपापला माणूस ओळखायला लागले. "हा आपला!" "अगं, कान बघ, दादाचेच!"

एक म्हातारी आक्का बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "माजी आजी न्हाय ह्यात."

गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, तुमची आजी गेली नव्हती ना?"

"न्हाय गेली. घरच्यांनी भाईरनं कडी घातली व्हती." आक्का टेबलाला धरून उभी राहिली. "जायचं व्हतं तिला. मरंस्तवर सांगायची."

वैशालीताईंनी पिशवीतून रंगांचा डबा काढला. एक कोरा बाहुला घेतला आणि तिथेच दाराच्या पायरीवर बसल्या.

"लुगडं कुठल्या रंगाचं नेसायची?"

"हिरवं."

"आणि चेहरा?"

"माजा बघ की."

आक्का समोर बसून राहिली, हलली नाही. रंग वाळला. गुरुजींनी रांगेच्या शेवटी दोन बाहुले सरकवून जागा केली आणि हिरव्या लुगड्यातली आजी तिथे उभी केली.

आक्का उठली. गुरुजींचा हात तिनं बाजूला केला.

"मागं कशाला?" म्हणाली. "पान्याजवळ ठेव."