पडदा कुणी बघितलाच नाही

इम्फाळच्या विणकर बायका चाळिशी आली की मागावर जाड सूत चढवतात. बारीक रेशमाने डोळे जातात, असा इथला समजच आहे. म्हणून मेमतोनच्या डाव्या डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगू लागले, तेव्हा शेजारणी हसल्या. "अगं, मागाचे डोळे ते! चष्मा घे, जाड सूत लाव." तिने दोन्ही केलं. त्या डोळ्याचा उजेड पार गेला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

नवरा सुईच्या नशेत गेला, तो एचआयव्ही हिच्या पदरात टाकून. गोळ्या उशिरा सुरू झाल्या, तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. अशा अंगात दुसरा एक विषाणू डोळ्याच्या आतला, मागचा पडदा कुरतडतो. गोळ्या देणाऱ्यांनी हे सांगू नये? वजन केलं, खोकला विचारला, डोळ्यांचं नावच नाही!

मग उजव्या डोळ्यातही तीच काजळी उतरली. ती धावत मोठ्या इस्पितळात गेली. डॉक्टरांनी तिचं एचआयव्हीच्या गोळ्यांचं कार्ड वाचलं, खुर्ची मागे सरकवली आणि लांबूनच बॅटरी मारली.

"वयाचं आहे. चष्म्याचा नंबर वाढवा."

"आत बघा ना, डॉक्टर."

"पुढचा पेशंट!"

बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या लैपाकलैने, साऱ्या बाजाराच्या इमाने म्हणजे आईने, हे ऐकलं आणि तराजू खाली ठेवला. "शिवायला भितो होय मेला? चल!"

इथे बाजारातल्या इमा उठल्या की रस्ते बंद पडतात. आज तर एकच दार अडवायचं होतं. मेमतोनला आत खुर्चीत बसवून साऱ्याजणी कमरेला गुंडाळलेले फनेक सावरत उंबऱ्यातच बसल्या.

"हे काय चालवलंय?" डॉक्टर ओरडले.

"आमच्या लेकीचा डोळा बघ, बाळा, की आम्ही उठतो," इमा म्हणाली. "मासळीचा वास सोसत नसेल तर लवकर बघ."

शेवटी थेंब पडले, बाहुली मोठी झाली, डॉक्टर भिंग घेऊन वाकले. "कडेचा पडदा गेलाय. मधला शाबूत आहे. आजच डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल." आणि वर म्हणतात कसे, "आधी यायचं नाही का?"

"आले होते," मेमतोन म्हणाली. "तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत, तेही याच डोळ्याने बघितलं."

इंजेक्शनं चालू राहिली आणि उजवा डोळा वाचला, निदान समोरचं दिसण्यापुरता. डावा गेला तो गेलाच. त्याचा जाब तिला अजून कुणी दिलेला नाही.