जावेचं स्टूल

हां, तर ते स्टूल. रंगवालीच्या डोळ्यांत सलायचं ते तेच. हिवतापाच्या त्या प्रयोगशाळेत दोघी सख्ख्या जावा कामाला. शिकलेल्या सारख्याच, घरून निघायच्याही एकच डबा घेऊन. पण धाकटीला मिळालं सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल, आणि थोरलीच्या वाट्याला आलं मोरीपाशी उभं राहून काचपट्ट्यांवरचं रक्त रंगवणं. म्हणून ती रंगवाली.

डॉक्टरीणबाई एकदा समजावत होत्या. रक्तातले बहुतेक परजीवी नुसते स्वतःसारखेच आणखी परजीवी तयार करत बसतात. थोडे मात्र ते सोडून नर नाहीतर मादी होतात. डासाने दोन्ही उचलले तरच त्यांचा संसार पुढे चालतो. गंमत अशी, की नर काय अन् मादी काय, जनुकं तीच. कुणात कुठलं जागं होतं यावर सगळं ठरतं. रंगवाली नळाखाली पट्टी धरून ऐकत होती. तिच्या मनात आलं, अगदी आमच्यासारखं. शिक्षण एक, घर एक, आणि नशीब जागं झालं ते हिचंच.

धाकटी त्या कोयत्यासारख्या वाकड्या परजीवींमधून नर-मादी निवडायची. मादी निळी, नर फिकट गुलाबी. घरी सासूबाई आल्यागेल्याला हे कौतुकाने सांगायच्या, आणि रंगवाली भांडी जरा जोरातच लावायची.

एके सकाळी तिने रंगाच्या पाण्यात बफरची गोळी टाकलीच नाही. त्या गोळीवाचून पाणी किंचित आंबट राहतं आणि निळा रंग नीट चढत नाही. झालं, धाकटीच्या मोजणीत नरच नर. एरवी माद्या जास्त असायच्या. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. रंगवालीला आतून गुदगुल्या झाल्या. जेमतेम चहा निवेपर्यंत टिकल्या.

कारण धाकटी उठली ती थेट मोरीपाशी आली. रंगवालीचा हात धरून तिने तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "ताई, माझा माझ्या नजरेवर विश्वासच राहिला नाही. तुम्ही म्हणाल ते लिहिते. सगळे नरच कसे हो?"

रंगवालीने भिंगाला डोळा लावला. स्टूल अजून उबदार होतं. मग ती जे बोलली ते शब्दाला शब्द असं:

"अगं, माद्या आहेत सगळ्या जागच्या जागी. गोळी मीच टाकली नाही. डोळे बिघडलेत ते माझे, तुझे नाहीत. चल, नव्या पट्ट्या रंगवते, बाईंनाही सांगते. पण आधी मला इथं बसून जरा पोटभर बघू दे."