नातीला मराठीचं नाव ठाऊक नाही

मंडळी, मुलगा डेन्मार्कला असतो. नातीला बरं वाटावं म्हणून मी वाचून ठेवलं होतं, की डॅनिश भाषेला डेन्मार्क नि नॉर्वेत दान्स्क म्हणतात, स्वीडनमध्ये दान्स्का.

आज पौडहून व्हिडिओ कॉलवर हे शब्द तिला म्हणून दाखवले. पोरीनं टाळ्या वाजवल्या.

मी मुलाला म्हटलं, "आता तिला इचार, आजोबांच्या भाषंला काय म्हणत्यात?"

त्यानं विचारल्यावर ती म्हणाली, "इंडिस्क." म्हणजे भारतीय.

"लहान आहे गं, आई," मुलगा हसला.

आमचे हे जाईपर्यंत दर रविवारी तिला फोनवर मराठीत गोष्ट सांगायचे. त्यांच्यामागं मुलाच्या घरात मराठीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

तुमची नातवंडं काय सांगतील? विचारायचा धीर होतो का?