बाळारामचं परमिट

वायरिंगच्या दुकानात किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. टेबलाशी बसायचं, बिलं लिहायची आणि कान उघडे ठेवायचे. संध्याकाळी वायरमन साइटवरून परत येतात, हातपाय धुतात, चहा येतो, आणि दिवसभरात कुणाच्या घरी काय झालं ते आपोआप आपल्यापुढे येऊन पडतं. मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये केवलराम या सिंधी शेठच्या दुकानात चौदा वर्षं काढली. मला अजूनही साधा होल्डर जोडता येत नाही, पण किस्से पोतंभर आहेत. त्यातले निम्मे एकट्या बाळारामचे.

बाळाराम बारवी धरणाकडच्या एका पाड्यातला. घरची भातशेती भाऊ बघायचा, आणि हा उजाडता घर सोडून अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर करत वायरिंगची कामं करायचा. एकोणीस वर्षं झाली होती त्याला या धंद्यात. भिंतीवर वायरीसाठी लाकडी पट्टी मारायचा ती अशी सरळ, की लोक आधी पट्टीकडे बघायचे आणि मग आपली भिंत वाकडी आहे हे त्यांच्या लक्षात यायचं. मी त्याला बाळारामदादा म्हणायचे, तो मला बाय म्हणायचा.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. शेठच्या कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्सचं नूतनीकरण आलं आणि तपासायला आलेल्या साहेबांनी वायरमन लोकांची परमिटं मागितली. दुकानात तीन वायरमन. दोघांनी परमिटं दाखवली. बाळारामने हात दाखवले. साहेब सज्जन होते, हसले, पण लिहून गेले की या माणसाने परीक्षा द्यावी. तोवर परमिटवाल्याच्या हाताखाली काम केलं तर चालेल.

शेठने हिशेब सोपा केला. "साईं, तीन बार परीक्षा में बैठ. तिसऱ्यांदा पण नापास झाला, तो गोडाऊन में बैठना पडेगा." गोडाऊन म्हणजे दुकानामागची बिनखिडकीची खोली. तिथे स्विच-होल्डर मोजायचे आणि खोकी बांधायची. पगार तोच राहणार होता, पण बाळारामचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

पहिली परीक्षा तोंडी होती, ठाण्याला. फॉर्म मीच भरला. निघताना बजावलं, दादा, विचारतील तेवढंच बोला.

परीक्षकांनी विचारलं, अर्थची, म्हणजे जमिनीत जाणारी, वायर कोणत्या रंगाची असते? पुस्तकात उत्तर आहे, हिरव्या. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक म्हणायचं, बंडल उरलंय ना, मग तेच वापरा. लाल म्हणू नका, काळी म्हणू नका, एका घरी तर तिन्ही वायरी पिवळ्या बघितलेल्या. बाळारामने क्षणभर विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"साहेब, शेठने ज्या रंगाचं बंडल आणलं असंल त्या रंगाची."

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. शेठला हे कळलं तेव्हा त्याला बाळाराम नापास झाल्याचं तेवढं वाईट वाटलं नाही, जेवढं आपलं नाव सरकारी टेबलावर निघाल्याचं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात हिरव्या वायरीची बारा बंडलं येऊन पडली. ती पुढे कितीतरी वर्षं संपली नाहीत.

बदलापूरच्या बिल्डिंगचा किस्सा याच सुमाराचा. तीन मजली, नवी कोरी सोसायटी. तिथे नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. एका घरी नाही, सगळ्यांच्या. बरं, लोकांनी तक्रार करावी? छे! पाणी सकाळी सात ते आठ यायचं आणि नेमकं तेव्हाच करंट लागायचा, म्हणून सगळ्यांनी ते पाण्याबरोबरच येतं असं धरून घेतलं. सेक्रेटरींनी जिन्यात फळा लावला होता: "पाणी भरताना रबरी चप्पल घालावी. हुकमावरून." पाहुणे आले की त्यांना दारातच चपला काढू नका म्हणून सांगत. असे चार महिने गेले.

एक दिवस तळमजल्यावरच्या आजी चप्पल विसरल्या आणि बादलीसकट मागे पडल्या. नशीब चांगलं म्हणून हातावर निभावलं. मग आमच्याकडे माणूस धावत आला. बाळाराम आणि परमिटवाला सदाशिव, दोघे गेले. तासाभरात सापडलं. तिसऱ्या मजल्यावर एकांनी गिझर बसवला होता आणि त्याची अर्थची वायर सरळ नळाच्या पाइपाला गुंडाळली होती. तेव्हा सगळेच असं करायचे, कारण लोखंडी पाइप जमिनीत जातो, वीजही जाते. पण खाली गळती काढायला आलेल्या प्लंबरने मधला हातभर तुकडा प्लॅस्टिकचा टाकला होता. त्या दिवसापासून गिझरमधून फुटलेली वीज जमिनीत न जाता घरोघरच्या नळांत जाऊन बसायची. आणि गिझर चालू कधी व्हायचा, तर मालकांच्या आंघोळीला, सकाळी सात ते आठ.

बाळारामने गिझर बंद करायला लावला. मग कंपाउंडात खड्डा खणून, तांब्याची पट्टी पुरून, वर मीठ आणि कोळसा घालून रीतसर अर्थिंग केलं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं, सुकू द्यायचा नाही, असं सगळ्यांना बजावून आला.

बायकांनी ते मनावर घेतलं. रोज पाणी घालायचंच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी त्या खड्ड्यावर तुळस लावली. खाली दोन गोणी मीठ! तुळस आठ दिवसांत जळाली. दुसरी लावली, तीही गेली. तिसरी गेल्यावर सेक्रेटरी दुकानात येऊन हळूच म्हणाले, बिल्डिंगच्या जागेत काही दोष आहे का हो? बाळारामने त्यांना सांगितलं की दोष होता तो आम्ही काढला, आता तुळस चार फूट लांब लावा.

दुसरी परीक्षाही तोंडीच. या वेळी मी रंग पाठ करून घेतले होते. रंग कुणी विचारले नाहीत. परीक्षकांनी विचारलं, एखादा माणूस तारेला चिकटला तर काय कराल?

बाळाराम म्हणाला, आधी मेन बंद करीन. बरोबर. मेन लांब असेल तर? तर धावत जाईन. साहेब म्हणाले, तोवर तो मरेल; जवळ काय असेल त्याने सोडवाल? त्यांना सुक्या लाकडाची काठी हवी होती. बाळारामला ते पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं, दहा वेळा.

"साहेब, पुस्तकात सुकी काठी हाय. पन आमच्याकडं ही भानगड पावसाळ्यातच होते, आनि पावसाळ्यात बारवीला सुकी काठी कुठं भेटनार?"

यावर साहेबांचा आणि त्याचा वाद झाला म्हणे. पाच मिनिटं. साहेब म्हणाले, काठी सुकी समजा. हा म्हणाला, समजून हात घातला तर दोघं मरू. नापास.

मला रागाने रडू आलं. काठी म्हणायला काय झालं होतं, म्हणून मी त्याला दुकानातच सगळ्यांसमोर बोलले. तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला की बाय, माझा मेव्हणा शेतातल्या पंपावर करंट लागून गेला तवा मी तिथंच होतो, सगळ्या काठ्या भिजलेल्या होत्या. हे त्याने मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात अंबरनाथच्या एका रिटायर्ड ऑफिसरांचं काम निघालं. घरात दिवा नाही, पंखा नाही, आणि साहेब हातात टेस्टर घेऊन उभे. टेस्टर प्लगच्या एका भोकात घातला की पेटतो, दुसऱ्या भोकात घातला तरी पेटतो. एरवी एकाच भोकात पेटतो. साहेबांचं निदान तयार होतं: सप्लाय दुप्पट येतोय, म्हणून सगळं दबलंय. त्यांनी तसं इंग्रजीत लिहूनही ठेवलं होतं.

बाळाराम म्हणाला, "साहेब, येतंय दोन्हीकडनं. जायला वाट नाय."

मेन स्विचमधली परतीची वायर, न्यूट्रल, स्क्रूतून सुटली होती. मेन बंद करून पाच मिनिटांत घट्ट केली. आठवड्याने साहेबांचं टाइप केलेलं पत्र आलं, "आपल्या इंजिनियरने दाखवलेल्या कौशल्याबद्दल" आभार मानणारं. बाळारामने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. शेठ म्हणाला, इंजिनियर हो गया, अब वायरमन हो जा.

तिसऱ्या परीक्षेआधी आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत अभ्यास केला. मी पुस्तक वाचायचे, तो डबा खाता खाता ऐकायचा. त्यात माझंच जास्त शिकून झालं. एकदा घरी बादलीत पाणी तापवायचा रॉड चालू होता आणि आमचे हे पाणी कोमट झालं का म्हणून बोट घालायला निघाले. मी स्वयंपाकघरातून अशी ओरडले की शेजारच्या बाई लाटणं घेऊन आल्या. मग मी दोघांनाही अर्धा तास समजावलं, आधी बटन बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. हे म्हणाले, परीक्षेला तूच बस. मला क्षणभर वाटलं, बसावं.

तिसऱ्या वेळी तोंडीबरोबर प्रॅक्टिकलही होतं. ठाण्याला एका वर्कशॉपच्या हॉलमध्ये. बाळाराम सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. शेठने गोडाऊनमध्ये स्टूल आणि टेबलफॅन आधीच नेऊन ठेवला होता. वाईट हेतूने नाही, उकडू नये म्हणून.

साडेतीनला बाळाराम परत आला. हातपाय धुतले, आणि सरळ मागे जाऊन त्या स्टुलावर बसला. मी मागोमाग गेले. काय झालं, म्हटलं. म्हणाला, बोर्ड दिला होता, त्यातलं बिघडलेलं कनेक्शन काढून दिलं. साहेब बोर्ड उघडून तपासायला लागले, मला म्हणाले तू बाजूच्या खोलीत तोंडीला जा. तिथनं बाहेर पडलो, तर हॉलमध्ये मोठमोठ्यानं ओरडा चालला होता. माझंच नाव घेत होते. मी आलो निघून.

"नापास केलं असंल, बाय," तो म्हणाला, आणि होल्डरचं खोकं पुढे ओढून मोजायला लागला.

तेवढ्यात पुढच्या बाजूला, दुकानात, फोन वाजला. मी जाऊन उचलला. ठाण्याहून परीक्षक साहेब बोलत होते. नंबर मी फॉर्मवर लिहिला होता.

"बाळाराम तुमचाच माणूस ना? पोहोचला का?"

म्हटलं, पोहोचलाय.

"त्याचा खिसा बघा."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवून मागे धावले. बाळारामने खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पोर्सेलीनचे तीन पांढरे फ्यूज निघाले, त्या हॉलच्या मेन बोर्डावरचे. कुठला फ्यूज कुठल्या टेबलाचा ते बोर्डावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून कामाला हात घालायच्या आधी त्याने तिन्ही काढून खिशात टाकले होते. परत का नाही लावले, विचारलं. म्हणाला, साहेबांचे हात बोर्डात होते, मी कसे लावू? आणि मग तोंडीला बोलावलं, त्यात डोक्यातनं गेलं.

मी फोनवर येऊन सगळं सांगितलं, वर दहा वेळा माफी मागितली. साहेब ऐकून घेत होते. म्हणाले, दुपारपासून हॉलची लाइन बंद आहे, इथे शिकणारी बावीस मुलं नुसती बसून आहेत.

म्हटलं, साहेब, दुसरे फ्यूज नाहीत का तिथे?

"कपाटभर आहेत. पण ज्याने फ्यूज काढला त्याच्याशिवाय दुसऱ्याने लावायचा नाही, हे सकाळी मीच या मुलांना तासभर शिकवलंय."

शेवटी धीर करून विचारलं, साहेब, त्याच्या परीक्षेचं काय?

"निकाल पोस्टाने येतो, बाई. असा फोनवर सांगता येत नाही."

मी बरं म्हटलं. बाळाराम दारात उभा होता, तिन्ही फ्यूज दोन्ही हातांत धरून. त्याच्यामागे शेठ.

"त्याला उद्या सकाळी नऊला फ्यूज घेऊन पाठवा," साहेब म्हणाले. "आणि येताना पासपोर्ट साइजचे दोन फोटो आणायला सांगा. परमिटावर लावावे लागतात."